परत न गेलेली ताटं

फार जुनी गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आजी-आजोबांनो. किती जुनी ते विचारू नका. नदीवर अजून पूल नव्हता आणि गावाला अजून घाई नव्हती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्या नदीच्या अलीकडच्या काठावर एक लहानसं गाव होतं. गावात येशूला मानणारी वीस-बावीस घरं होती आणि त्यांच्या मधोमध मातीच्या भिंतींचं एक प्रार्थनेचं देऊळ होतं. या घरांचे दोन नियम होते. कुठं लिहून ठेवलेले नव्हते, पण ते मोडायची कुणाची छाती नव्हती.

पहिला नियम असा, की ज्या घरात मयत झाली त्या घरात वर्षभर कढई चढत नाही. तळण नाही, सणाचा फराळ नाही. सण आला की बाकीच्या घरांनी आपापलं फराळाचं ताट त्या घरी पाठवायचं.

दुसरा नियम असा, की आलेलं ताट रिकामं परत द्यायचं नाही. काहीच नसलं तर गुळाचा खडा ठेवावा, चिमूटभर साखर ठेवावी, पण ताटात काहीतरी हवं.

दोन्ही नियम चांगले. पण दोन चांगले नियम एकाच घरात शिरले आणि एकमेकांच्या पायात आले तर काय होतं, त्याची ही गोष्ट आहे.

गावात रिबका नावाची बाई राहायची. घरात तिचा नवरा शांतवन, म्हातारा सासरा आणि दीना नावाची लेक. रिबकाच्या हाताला चव होती, आणि ती आहे हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिच्याकडे कुणी दोन करंज्या धाडाव्यात, तर त्या ताटातून चार अनारसे परत यायचे. जाळी पडलेले, खसखशीने मढलेले. ताट घेणारीला आनंद व्हायचा आणि थोडी जळजळही व्हायची.

शांतवनला स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं. चुलीत लाकूड सरकवायला सांगितलं तर तो चूल विझवून ठेवायचा. पण जेवायला बसताना मात्र त्याच्यावाचून चालत नसे. दुरडीतली पहिली भाकरी तो हातात घ्यायचा, मोडायचा, प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा ठेवायचा आणि म्हणायचा, "प्रभो, तू दिलंस, आम्ही वाटून खातो." मग जेवण सुरू व्हायचं.

रिबका तेव्हा तव्यावरची भाकरी उलटत असायची. निम्मं लक्ष प्रार्थनेत, निम्मं तव्यात. तिने मनातल्या मनात घराची वाटणीच करून टाकली होती. देवाचं काय ते नवरा बघेल, चुलीचं काय ते मी बघीन. वाटणी सोयीची होती, आणि सोयीच्या गोष्टींकडे कोण निरखून बघतं?

एका वर्षी नाताळ तोंडावर आला. अनारशाचं पीठ मुरलं होतं. रिबकाने खसखशीचा डबा उघडला, तर तळाशी चार दाणे.

शांतवन म्हणाला, "खसखस नसली म्हणून देव रुसणार हाय व्हय?"

"देव न्हाई रुसायचा, पण लोकं नावं ठेवतील," रिबका म्हणाली. "पल्याडच्या बाजारात मिळंल. जाऊन या."

शांतवन हसला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि गेला. परत येताना नदीवर दाट धुकं उतरलं. नाव मधल्या खडकावर आपटून उलटली. नावाडी पोहत काठाला लागला. शांतवन लागला नाही.

रिबकाने मुरलेलं पीठ गाईपुढे ठेवलं, कढई पालथी घालून माळ्यावर टाकली आणि ती गप्प झाली. लोक येऊन बसायचे आणि म्हणायचे, "देवाची मर्जी, दुसरं काय." ती मान हलवायची. पण मनात म्हणायची, देवाची कसली मर्जी? मर्जी माझी होती. खसखस मला हवी होती.

हे तिने कुणालाच सांगितलं नाही. न सांगितलेलं दुःख पोटात राहिलं.

नाताळ आला. पहिल्या नियमाप्रमाणे घराघरातून ताटं आली. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, वर धुतलेला रुमाल. म्हाताऱ्या सासऱ्याने खाल्लं, दीनाने खाल्लं. रिबकाने ताटं घासली, पुसली आणि परत करायला निघाली. तोच तिला दुसरा नियम आठवला.

आता तुम्ही म्हणाल, ठेवायचा गुळाचा खडा. गावानेही तेच म्हटलं असतं. दुखवट्याच्या घरातून आलेला गुळाचा खडा कुणी तोलून बघत नाही. पण रिबकाला ते जमेना. जिच्या ताटातून चार अनारसे जायचे, तिच्या ताटातून गुळाचा खडा जाणार? आणि अनारसे करावेत तर त्यांचं नुसतं नाव मनात आलं तरी खसखशीचा तो डबा तिच्या डोळ्यांपुढे यायचा. ती म्हणाली, उद्या बघू. आणि ताटं फळीवर ठेवून दिली.

उद्या काही उगवला नाही. ईस्टर आला, पुन्हा ताटं आली आणि फळीवर गेली. सुगीनंतर हंगामाचा सण आला, पुन्हा तेच. वर्ष सरलं तेव्हा शेजारची एस्तेरमावशी पदराखाली करंज्यांचं सारण घेऊन कढई चढवायला आली. वर्षाने शेजारणीने येऊन दुखवट्याच्या घरी पहिलं तळण काढावं, अशीही तिथे रीत होती. रिबका दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या सणाला बघू, मावशी." एस्तेरमावशी सारण घेऊन परत गेली. कढई खाली आली नाही म्हणजे दुखवटा संपला नाही, आणि दुखवटा संपला नाही म्हणजे ताटं पाठवणं आलंच. म्हणून दुसऱ्या वर्षीही ताटं येत राहिली, आणि तिसऱ्याही.

फळी भरली, तेव्हा ताटं कोनाड्यात गेली. कोनाडा भरला, तेव्हा धान्याच्या कणगीमागे गेली.

घरात जेवण रोज होत होतं, पण पंगत नव्हती. सासरा ओट्यावर जेवायचा, दीना चुलीपाशी, आणि रिबका सगळं आवरल्यावर उभ्याने दोन घास गिळायची. भाकरी मोडून द्यायला कुणी नव्हतं, म्हणून जो तो आपली आपण मोडून घ्यायचा. देवळात जाणंही तिने सोडलं होतं. देवाचं बघणारा गेला, आता त्या दारात आपलं काय काम, असं तिला वाटायचं. दीना तेवढी रोज बापाच्या जागी पाट मांडायची आणि आई यायच्या आत उचलून ठेवायची. रिबकाला ते दिसत होतं. ती ते न दिसल्यासारखं करायची.

तिसरं वर्ष सरत आलं, नाताळ जवळ आला आणि गावाच्या लक्षात आलं, की गावात ताटंच उरली नाहीत.

एका घरात सासरा झाकणावर जेवत होता. दुसऱ्या घरात दोन जावा एका परातीत जेवत होत्या आणि त्यावरून रोज भांडत होत्या. पाणवठ्यावर बायका कुजबुजू लागल्या. पण दुखवट्याच्या घरी जाऊन माझं ताट दे, असं म्हणणार कोण? ज्याने त्याने दुसऱ्याला पुढे केलं. एस्तेरमावशी म्हणाली, "माझी जीभ सुपाएवढी हाय, पण तिथं ती टाळूला चिकटती." शेवटी सगळ्यांनी मिळून पाद्रीबाबांना गळ घातली.

पाद्रीबाबा म्हातारे होते आणि त्यांना उपदेशापेक्षा जेवणात जास्त रस आहे, अशी गावात चेष्टा होती. चेष्टा खोटीही नव्हती. ते म्हणाले, "ताटं मागायला मी जाणार नाही. जेवायला म्हणाल तर जातो."

आणि खरंच, दुपारच्या वेळेला ते रिबकाच्या दारात उभे राहिले.

"रिबका, भूक लागलीय."

"बाबा, घरात गोडाधोडाचं काही न्हाई."

"गोड कुणी मागितलं? भाकरी आहे ना?"

दारात आलेल्या भुकेल्याला परत पाठवणारी बाई अजून त्या गावात जन्मली नव्हती. रिबकाने पिठलं टाकलं, भाकऱ्या थापल्या आणि बाबांचं ताट ओट्यावर वाढलं. बाबा ताटावर बसून राहिले.

"बाकीचे कुठं आहेत? एकट्याने जेवायला बसलं की घास उतरत नाही माझ्या घशाखाली. म्हाताऱ्याला बोलाव, पोरीला बोलाव, आणि तूही बस."

किती दिवसांनी त्या घरात माणसं एका ओळीत बसली. बाबांनी दुरडीतली पहिली भाकरी उचलली आणि रिबकापुढे धरली.

"मोड."

"ते त्यांचं काम होतं," रिबका म्हणाली.

"आणि आता कुणाचं आहे?"

"आता कुणाचंच न्हाई."

बाबांनी वाद घातला नाही. त्यांनीच भाकरी मोडली आणि पहिला तुकडा रिबकाच्या हातावर ठेवला. मग ते जेवू लागले, अगदी मन लावून. जेवता जेवता त्यांची नजर कणगीमागच्या ताटांच्या चळतीवर गेली, पण ते काही बोलले नाहीत. माणूस गप्प राहिला की समोरच्याला बोलावं लागतं. रिबका बोलली. आधी ताटांचं बोलली, मग अनारशांचं, मग खसखशीचं. तीन वर्षांत जे सासऱ्याला सांगितलं नव्हतं, लेकीला सांगितलं नव्हतं, ते तिने पिठल्याच्या ताटासमोर सांगून टाकलं.

"मीच धाडलं त्यांना," ती म्हणाली. "चार दाण्यांसाठी. आता मी कुठल्या तोंडानं देवळात येऊ? आन प्रभू मला काय म्हनंल?"

म्हातारा सासरा खाली मान घालून ऐकत होता. त्याने हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पाद्रीबाबांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनी जेवण थांबवलेलं गावाने आजवर पाहिलं नव्हतं.

"तो काय म्हणेल ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्याने एकदा म्हटलेलं आहे. त्याचे मित्र ऐन वेळी त्याला टाकून पळाले होते. एकाने तर चारचौघांत सांगितलं, की मी या माणसाला ओळखतही नाही. मग तो मेला, आणि मरणातून उठला. आणि एके पहाटे ते मित्र रात्रभर जाळं टाकून रिकामे परत येत होते, तेव्हा तो काठावर उभा होता. तुला काय वाटतं, काठावर बोलावून त्याने त्यांची झाडाझडती घेतली?"

"घ्यायलाच पायजे व्हती."

"त्यांची नाव काठाला लागायच्या आधी त्याने विस्तव पेटवला होता. विस्तवावर मासे ठेवले होते. भाकरी होती. म्हणाला, या, न्याहारी करा."

रिबकाने वर पाहिलं. "देवानं रांधलं व्हतं?"

"देवाने रांधलं होतं."

"ज्यांनी टाकलं त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठीच."

बाबा उठले, हात धुतले, दीनाच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेले. ताटांचं काय झालं म्हणून गावाने विचारलं, तर म्हणाले, "अरे हो, ते विसरलोच." गाव कपाळावर हात मारून घरी गेलं.

रिबका मात्र दिवस मावळेपर्यंत एकाच जागी बसून होती. देव नवऱ्याचा आणि चूल आपली, हे तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. आणि आज कळत होतं, की देव चुलीपाशीही बसतो. फुंकणी घेऊन, डोळ्यांत धूर घेऊन, ज्यांनी घात केला त्यांच्यासाठी. तिला रडू आलं. शांतवन गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तांदूळ भिजत घातले.

तुम्हाला ठाऊक असेल, अनारशाला घाई चालत नाही. तांदूळ तीन दिवस पाण्यात राहतात, रोज पाणी बदलावं लागतं. मग सावलीत वाळवायचे, ओलसर असताना कांडायचे, गुळात मळायचे आणि मुरत ठेवायचे. सासऱ्याने भिजलेले तांदूळ पाहिले. तो उठला. माळ्यावरची पालथी कढई खाली घेतली, अंगणात नेली आणि राख घेऊन घासायला बसला. तीन वर्षांचा गंज होता. म्हातारा दोन दिवस घासत होता आणि घासताना गुणगुणत होता.

पीठ मुरलं, तेव्हा एस्तेरमावशी वाटी झाकून घेऊन आली.

"वाटीभर खसखस हाय माझ्याकडं. ने."

"न्हाई मावशी," रिबका म्हणाली. "ती मलाच आनायची हाय."

एस्तेरमावशीला समजलं. ती वाटी घेऊन परत गेली आणि घरी जाऊन तिच्यासाठी प्रार्थना करायला गुडघ्यांवर बसली.

रिबका नदीवर आली. शांतवन गेल्यापासून तिने नावेत पाऊल टाकलं नव्हतं. आणि नावाड्याने गावात पाऊल टाकलं नव्हतं. तो पल्याडच्या काठाला झोपडीत राहायचा, माणसं नेऊन सोडायचा, आणि माणसं त्याच्या नावेत बसून त्याच्याशी बोलत नसत. रिबकाला नावेत चढताना बघून त्याच्या हातातली वल्ही थांबली. मग त्याने खाली बघून नाव हाकारली. अर्ध्या नदीत मधला खडक आला. रिबकाने डोळे मिटले. नाव पुढे गेली.

पल्याडच्या बाजारात तिने खसखस घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. परत काठावर आली तेव्हा दिवस कलला होता आणि नदीवर धुकं उतरू लागलं होतं.

नावाडी म्हणाला, "वहिनी, थांबू या. वारा सुटला की धुकं हलंल."

"थांबू," रिबका म्हणाली.

थंडी वाजू लागली. नावाड्याने काटक्या गोळा केल्या आणि काठावर विस्तव पेटवला. दोघं विस्तवाच्या दोन बाजूंना बसली. "चार दाण्यांसाठी मीच धाडलं व्हतं त्यांना," रिबका पदराच्या गाठीकडे बघत म्हणाली. मग नावाडी विस्तवाकडे बघत बोलू लागला.

"त्या दिवशीबी असंच उतरलं व्हतं. शांतवनदादा म्हनला, थांबू या का रं? आन म्या म्हनलं, दादा, ही नदी मला पाठ हाय, डोळं मिटून नेतो. त्यो बसला माझ्या भरवशावर." त्याने विस्तवात एक काटकी सरकवली. "त्येला तुम्ही न्हाई धाडलं मरायला, वहिनी. म्या आनलं."

रिबका त्याच्याकडे बघत राहिली. तीन वर्षं तिला वाटत होतं, की हे ओझं जगात आपल्या एकटीच्या डोक्यावर आहे. आणि इथं नदीच्या दुसऱ्या काठावर दुसरा एक माणूस तेच ओझं घेऊन, कुणाशी न बोलता, नाव वल्हवत होता. ती त्याला शिव्या देऊ शकली असती. गावाने दिल्याच होत्या.

तिने फडक्यात बांधलेली भाकरी काढली. वाटेत खायला घेतली होती आणि खाल्ली नव्हती. ती भाकरी तिने विस्तवावर धरून शेकली, मोडली आणि अर्धी नावाड्यापुढे धरली. आणि तिच्या तोंडून आपोआप आलं, "प्रभो, तू दिलंस, आम्ही वाटून खातो."

म्हणून झाल्यावर तिलाच नवल वाटलं. समोर काठ होता, विस्तव होता, भाकरी होती आणि दोन गुन्हेगार माणसं होती. तिला वाटलं, तिसरा कुणीतरी इथंच बसलाय आणि आपल्याला कधीचा जेवायला बोलावतोय. तिने मनात म्हटलं, आले रे बाबा, जरा उशीर झाला. ती तिची पहिली स्वतःची प्रार्थना होती.

वारा सुटला. धुकं हललं. अलीकडच्या काठाला उतरताना ती नावाड्याला म्हणाली, "नाताळला जेवायला ये. गावातल्या ज्याचं त्याचं ताट मांडनार हाय."

"वहिनी, माझं ताट न्हाई तुमच्याकडं."

"हाय," रिबका म्हणाली. "तू ये तर खरा."

मग ती घरोघरी गेली. प्रत्येक दारात एकच सांगितलं, "तुमचं ताट माझ्याकडं राह्यलंय. रिकामं परत द्यायची रीत न्हाई. नाताळला माझ्याकडं येऊन त्याच ताटात जेवा, आन ताट घेऊन जा." बायका हसल्या, काही रडल्या. आणि कुणी पीठ घेऊन आली, कुणी डाळ, कुणी तुपाचं गाडगं. दुखवटा संपला हे त्यांना सांगावं लागलं नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी कढई चढली. पहिला अनारसा तुपात सोडला तो पसरला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. अनारसा असा विस्कटला की त्या गावात म्हणत, अनारसा हसला. पूर्वी असं झालं असतं तर रिबकाने तो कुणाला दिसू दिला नसता. आता तिने तो झाऱ्याने गोळा केला, फुंकर मारली आणि दीनाच्या तोंडात घातला.

"हसू दे त्याला," ती म्हणाली. "लई दिवसांनी हसलाय."

नाताळच्या सकाळी रिबका देवळात गेली आणि सगळ्यांबरोबर गायली. मग सगळं गाव तिच्या अंगणात आलं. चिंचेने घासलेली ताटं ओळीने मांडली होती. प्रत्येक ताटाच्या काठावर घराची खूण ठोकलेली होती. कुणाचा मासा, कुणाचं पान, कुणाचा क्रूस. जो तो आपली खूण शोधून बसला. भांडणाऱ्या दोन जावांना आपापलं ताट मिळालं, तरी त्या शेजारीशेजारीच बसल्या.

सगळे बसले आणि ओळीच्या शेवटी एक ताट उरलं. त्याच्यावर कणसाची खूण होती. ते शांतवनचं होतं.

कुंपणापाशी नावाडी उभा होता. आत यावं की परत जावं, ते त्याला ठरवता येत नव्हतं. अंगणातल्या माणसांनी त्याला पाहिलं. कुणीतरी तोंड फिरवलं. रिबका उठली, कुंपणापाशी गेली आणि त्याच्या मनगटाला धरून त्याला आत घेऊन आली.

सासऱ्याने आपल्या शेजारचा पाट हाताने पुसला. "बस, लेका," म्हातारा म्हणाला.

नावाडी बसला. आता पुढे कुणी हलेना. सगळ्यांनी पाद्रीबाबांकडे पाहिलं. पाद्रीबाबा अनारशाकडे बघत होते. म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? घर तिचं आहे."

रिबकाने दुरडीतली पहिली भाकरी उचलली. तिने ती मोडली. पहिला तुकडा नावाड्याच्या हातावर ठेवला, दुसरा सासऱ्याच्या, तिसरा दीनाच्या. "प्रभो, तू दिलंस," ती म्हणाली, आणि सगळं अंगण म्हणालं, "आम्ही वाटून खातो."

त्या दिवशी लोक पोट फुटेस्तोवर जेवले. अनारसे थोडे जास्तच तळले गेले होते, पण हे कुणी बोलून दाखवलं नाही. संध्याकाळी जो तो आपलं ताट काखेत मारून घरी गेला. नावाडीही कणसाचं ताट घेऊन गेला. म्हणाला, घासून आणून देतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिबकाने दार उघडलं. ओट्यावर कणसाचं ताट होतं, आणि ताटात ओल्या पानांत गुंडाळलेले दोन ताजे मासे. नियम नावाड्यालाही ठाऊक होता. तो खाली वाटेवर पाठमोरा चालला होता.

रिबकाने अंगणातच विस्तव पेटवला आणि मासे निखाऱ्यांवर ठेवले. मग ओट्यावर उभी राहून तिने हाक मारली. सासऱ्याला मारली, लेकीला मारली, वाटेवरच्या त्या माणसाला मारली.

"या," ती म्हणाली. "न्याहारी करा."

तात्पर्य: देवाच्या पंगतीला जाताना ताट भरलेलं असावं लागत नाही, भूक खरी असली की पुरे.